आर्डिसचे जादा सूर

मंगळवार, ९ एप्रिल १९९१

ही वही नेल्डाने आणून दिली. बोटभर रुंदीच्या ओळी आणि सोबत जाडजूड काळं पेन. "सेल लागला होता," म्हणाली. मी आजवर कधी डायरी लिहिली नाही. रोज तीन तास रेडिओवर बडबड करणाऱ्याने घरी येऊन आणखी काय लिहायचं? पण या वर्षी माझ्याजवळ एक गोष्ट आहे जी कुणालाच सांगता येत नाही, आणि न सांगितलेली गोष्ट माझ्या पोटात फार दिवस राहत नाही. म्हणून वहीला सांगतो.

मला दिसेनासं झालंय. आंधळा नाही झालो अजून. कडेकडेचं दिसतं, मधलंच पुसलं गेलंय. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाला, "वाढत जाईल. वाचन कमी होईल, गाडी चालवणं बंद करा." बेसबॉलबद्दल त्याने काही विचारलं नाही. बहुधा त्याला माहीतच नसावं की मी कोण. आमच्या हार्लन फेरी गावात असा एकच माणूस असेल.

हा माझा चाळिसावा हंगाम. आमच्या पायलट्स संघाचा पहिला चेंडू मी १९५२ साली लोकांना सांगितला आणि शेवटचा येत्या दोन सप्टेंबरला सांगून मला उतरायचंय. पाच महिने निभावून न्यायचे, बस्स. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तक्रार नाही. देवाने मला चांगला गळा दिला, आणि एकापेक्षा एक भल्या तीन बायका दिल्या. पहिलीने मला सोडलं, दुसरीला देवाने नेलं, आणि तिसरी, ही नेल्डा, आत्ता खाली स्वयंपाकघरात गाजरं किसतेय. माझ्यासारख्याला एकही मिळाली नसती तरी नवल नव्हतं.

शनिवार, १३ एप्रिल

काल पहिला सामना झाला. जिंकलो.

भीत भीत गेलो होतो, पण निभावलं. बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज ऐकला की तो कुठे पडला हे मला निम्मं कळतं. अंपायर ओरडतो, त्यावरून उरलेलं. बॅटला बसल्यावर मात्र अंधार. चेंडू वर गेला की मी "उंच, उंच!" म्हणत राहायचं आणि लोकांच्या आवाजाची वाट बघायची, असं ठरवलं होतं. पण तशी वेळ फारशी आली नाही, कारण स्टॅन.

स्टॅन कोव्हाच म्हणजे निवेदकांच्या बूथमधला माझा जोडीदार. पंधरा वर्षं कॅचर होता, हाताचं एक बोट सरळ नाही. एकोणीस वर्षं शेजारी बसतो आणि मी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. काल मात्र त्याला काय झालं होतं कोण जाणे. मी बोलायच्या आतच हा, "अरे वा, शॉर्टस्टॉपने काय उचललाय!" "राइट फील्डला चाललाय, वेंडेल, बघ बघ!" घरी येताना मी म्हटलं, "स्टॅन, माझी भाकरी मला खाऊ देशील का?"

"म्हातारपणी तोंड सुटतं रे," म्हणाला. "तू नाही का चाळीस वर्षं सुटलास?"

यंदा बाहेरगावचे सामने आमच्याकडे नाहीत. स्टॅनने रेडिओ स्टेशनच्या मॅनेजरला सांगितलं की त्याच्या पाठीला आता बसचा प्रवास सोसत नाही, आणि मॅनेजरने दोघांनाही घरी बसवून दुसऱ्या एकाला पाठवलं. माझा अपमान झाला असं मी दोन दिवस म्हणत होतो. मनातून सुटलो होतो. अनोळखी मैदानावर माझी धडगत नव्हती.

आणखी एक गोष्ट. आर्डिसचं वय झालंय.

आर्डिस म्हणजे माझी पहिली बायको. मैदानावर ऑर्गन वाजवते, आमच्या बूथच्या पलीकडच्या काचेच्या खोलीत बसून. १९६१ मध्ये तिने मला सोडलं, मैदान सोडलं नाही. काल प्रत्येक खेळाडू बाद झाला की तिची नेहमीची छोटी धून झाली, आणि धून संपल्यावर उगाचच मागे काही सूर. एकच पट्टी, ठक ठक ठक. सेंटर फील्डच्या पोराने झेल घेतला तर ती ठकठक संपता संपेना. कॅचरने एक झेलला, तर दोनच. बिचारीची बोटं थरथरत असावीत.

रविवार, २८ एप्रिल

आज पाऊस, सामना रद्द. नेल्डा स्वतःहून मला रोज मैदानावर सोडते. म्हणते, तिथल्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातली कॉफी तिला आवडू लागलीय. बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. शेजारी बसलेल्या माणसाने सीटबेल्ट लावेपर्यंत गाडी सुरू करत नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, बेसबॉल तिला अजून कळत नाही. तिसऱ्या डावात झोपते. पण यंदा सामन्याच्या सकाळी दोन्ही संघांची यादी तीच मोठ्या काळ्या अक्षरांत लिहून देते. "माझे डोळे अधू झालेत, बारीक लिहिता येत नाही," म्हणते. तिचीही तीच गत! मला इतकं वाईट वाटलं की मी माझं सांगून टाकणार होतो. नाही सांगितलं.

पावसात बसून ५२ सालची आठवण झाली. तेव्हा बाहेरगावच्या सामन्यांना निवेदक पाठवायला रेडिओ स्टेशनला परवडत नसे. आम्ही इथेच स्टेशनच्या खोलीत बसायचो. तारेने चिठ्ठ्या यायच्या, त्यावर चार शब्द, आणि त्या चार शब्दांवरून मी अख्खा सामना उभा करायचो. चेंडू बॅटला लागला की टेबलावर लाकडी पट्टी आपटायची. आर्डिस चिठ्ठ्या लावून द्यायची आणि छोट्या ऑर्गनवर गर्दीची हवा करायची. एकदा तार तुटली तेव्हा मी एका बॅटरला बारा मिनिटं फाउल, म्हणजे हद्दीबाहेरचे फटके, मारायला लावले. ती तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

तिला गुणपत्रक लिहायला मी शिकवलं. चेंडू टाकणारा पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस तीन, दुसरा चार, तिसरा पाच, शॉर्टस्टॉप सहा, आणि मागच्या मैदानात लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड म्हणजे सात, आठ, नऊ. नावं लिहायची नाहीत, चेंडू ज्यांच्या हातून गेला त्यांचे आकडे लिहायचे. ती पंधरा मिनिटांत शिकली आणि दुसऱ्या वर्षी आम्ही लग्न केलं. म्हणजे पहिल्या हंगामातही मी न बघताच सांगत होतो. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

रविवार, १९ मे

आज एक गंमत. नेल्डाने ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा केक केला आणि ज्या निळ्या थाळीत वाढला ती थाळी माझ्या ओळखीची! काठावर टवका उडालेला. आर्डिसच्या मावशीने आमच्या लग्नात दिली होती आणि तो टवका माझ्याच हातून उडाला होता. समोर धरून नाही दिसत, पण बोटाला लागलाच.

"ही कुठून आणलीस?"

"चर्चच्या विक्रीतून," नेल्डा म्हणाली.

म्हणजे आर्डिस आमच्या लग्नातल्या वस्तू विकायला काढतेय. जरा लागलं मनाला. पण तिची काय चूक? तीस वर्षं झाली. नेल्डा आणि आर्डिस एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणजे आठ वर्षांत मी तरी कधी पाहिलं नाही, नाहीतर मी नेल्डालाच सांगून ती थाळी परत पाठवली असती.

काम उत्तम चाललंय. पुरावा हवा असेल तर इंगाबाई. नदीकाठच्या वृद्धाश्रमात राहतात, वय ब्याण्णव. रेडिओ ऐकून प्रत्येक सामन्याचं गुणपत्रक लिहितात आणि माझी चूक झाली की पोस्टकार्ड टाकतात. 'पाचव्या डावात तुम्ही तिसरा बाद सांगितलाच नाहीत. मी अजून वाट बघतेय.' एका हंगामात माझ्या नावावर वीसेक कार्डं तरी असतात. यंदा एकही नाही.

गुरुवार, ६ जून

आर्डिसशी बोललो. बोलायलाच हवं होतं, लोक काय म्हणतील? सामन्याआधी तिच्या काचेच्या खोलीत गेलो. ती चपला काढून ऑर्गनचे पॅडल पुसत होती.

"आर्डिस, रागावू नकोस. तुझी बोटं दुखतात का अलीकडे?"

"का रे?"

"धून संपल्यावर मागे जादा सूर येतात. पाच-पाच, आठ-आठ. मला काही नाही, पण कुणी टीका केली तर वाईट वाटेल. आपण दोघांनीही आता वेळेवर थांबायला शिकलं पाहिजे."

तिचं पुसणं थांबलं. चेहरा मला दिसत नव्हता. मग म्हणाली, "आठ-आठ येतात का? मोजतोस तू?"

"मोजत नाही ग. कानावर पडतं."

"वय झालं, वेंडेल," ती म्हणाली. "बोट एकदा बसलं की उठत नाही लवकर. सप्टेंबरपर्यंत चालवून घे."

आवाज जरा दबका होता. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, माझ्यापरीने मी सांभाळून घेईन. तीस वर्षांनी तिला हात लावला असेन. ती म्हणाली, "फार उपकार होतील." खोलीबाहेर पडलो तर मागून खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज आला. तब्येतच नाजूक झालीय तिची.

रविवार, २३ जून

मेव्हिसला जाऊन आज तेरा वर्षं. माझी दुसरी बायको. हॉटेलात पोळलेले हात घेऊन ऑर्डर घ्यायची आणि गिऱ्हाइकांना माझा सामना ऐकायला लावायची. शेवटच्या दिवशी मी इस्पितळातच बसतो म्हटलं, तर म्हणाली, "इथे बसून माझ्याकडे बघत राहशील, आणि मला सामना कोण सांगणार?" मी गेलो. उशाशी रेडिओ होता. सातव्या डावात ती गेली. नर्सने सांगितलं, शेवटी हसत होती, कारण मी आमच्या पिचरच्या चालण्याला बदक म्हणालो होतो.

तेरा वर्षं मला या गोष्टीने जाळलं नाही, तारलंच. कारण जायला तिने सांगितलं होतं. न सांगता एकदा काय केलं होतं, ते आज नको.

नेल्डाने सकाळी फुलं आणून ठेवली होती. तिनेच गाडी काढून थडग्यापाशी नेलं आणि स्वतः दूर उभी राहिली.

शुक्रवार, १२ जुलै

आर्डिस परवा मैदानाच्या जिन्यावर घसरली, गुडघा सुजलाय. आठवडाभर रजा. ऑर्गनच्या जागी टेप लावतात.

कालचा दिवस वाईट गेला. सगळंच हाताबाहेर. दोनदा खेळाडूला बाद कुणी केलं तेच सांगता आलं नाही. स्टॅन खोकत खोकत मधे पडत होता, पण तोही किती पुरणार? सहाव्या डावात त्यांच्या धिप्पाड बॅटरने एक जोरदार लगावला. माणसं उठली, मोठा आवाज झाला. मी ओरडलो, "गेला! कुंपणापार! होम रन!"

होम रन नव्हता. आमच्या राइट फील्डने तो सहज झेलला होता. लोक उठले होते ते भोंगा वाजवत आलेल्या आइस्क्रीमच्या गाडीसाठी.

स्टॅनने मायक्रोफोन स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "वेंडेल, वेंडेल, बघितलंस का! कुंपणावर चढून परत आणला त्याने! जन्मात असा झेल बघितला नाही!" आणि मी, देवा मला क्षमा कर, मीही त्या झेलाचं मिनिटभर वर्णन केलं. टोपी पडली असंही सांगितलं. आज पेपरचा बातमीदार विचारत होता, कुठला झेल?

ऐकणारे माझ्या डोळ्यांनी बघतात. मी त्यांना खोटं दाखवलं.

रविवार, १४ जुलै

रात्रभर तळमळलो. सकाळी नेल्डाला म्हटलं, "मी मॅनेजरला भेटतो. काम सोडतो म्हणून सांगतो." कारण सांगितलं नाही; थकलोय म्हटलं.

ती माझ्यासमोर बसली. गाजराची बशी पुढे केली. "एका वाईट दिवसासाठी? बर्फात माझी बस एकदा खड्ड्यात गेली होती. चव्वेचाळीस मुलं आत. दुसऱ्या दिवशी मी परत चालवायला बसले."

"मुलं बसली?"

"त्रेचाळीस बसली. एकाला गोवर आला." मग म्हणाली, "शनिवारपर्यंत थांब. शनिवारी आर्डिस परत येतेय."

"आर्डिसचा काय संबंध?"

"काही नाही. टेप रटाळ आहे, एवढंच."

इंगाबाईंचं कार्ड काल आलं, यंदाचं पहिलं. नेल्डाने वाचून दाखवलं: 'गुरुवारच्या त्या झेलाबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. आर्डिसचा गुडघा कसा आहे?' इतकंच. भली बाई. पण आर्डिसशी यांची ओळख कधीची?

शनिवार, ३ ऑगस्ट

पुन्हा सगळं सुरळीत. गेल्या दोन आठवड्यांत एकही चूक नाही. कोण कुठे बाद झाला ते मला आपोआप कळतं, नजर पुन्हा चालू लागल्यासारखं. पण बूथबाहेर पडलो की दाराची मूठ सापडत नाही. म्हणजे डोळ्यांना मैदानाच्या उजेडाची सवय असणार. किंवा गाजरं. नेल्डाला आज म्हटलं, गाजरांचा गुण येतोय. तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि आणखी किसली.

आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, ते उगाच नाही.

आर्डिस काठी टेकत येते. बोटांची खोड तशीच आहे, उलट जास्तच ठासून वाजवते. मी आता काही बोलत नाही.

बुधवार, २१ ऑगस्ट

जुनी गुणपत्रकं बाहेर काढली, चाळीस वर्षांचे गठ्ठे. वाचता येत नाहीत, पण हात फिरवायला बरं वाटतं. १९६० च्या वहीतून एक चिठ्ठी पडली. काय आहे ते न वाचताच कळलं.

आता लिहूनच टाकतो. ऑगस्ट १९६०, बरोबरीमुळे नऊऐवजी सतरा डावांपर्यंत लांबलेला सामना. आर्डिस त्या दिवशी ऑर्गनवर नव्हती, शेतावर वडिलांच्या उशाशी होती. अकराव्या डावात टेलिफोनवाल्या मुलीने बूथच्या दारातून चिठ्ठी दिली. 'आर्डिसचे वडील गेले. लगेच ये.' मी ती वाचली, शर्टाच्या खिशात घातली आणि आणखी सहा डाव सांगितले. शेत वीस मिनिटांवर होतं. गेल्यावर तिला म्हणालो, चिठ्ठी मला सामना संपल्यावर मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात तिने मला सोडलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, उन्हाळे फार लांब असतात. तिला खरं कळलं असतं तर काय म्हणाली असती, कुणास ठाऊक. एकतीस वर्षं मी मनातल्या मनात आभार मानलेत, की निदान तेवढं तरी तिला कळलं नाही.

चिठ्ठी परत वहीत ठेवली.

रविवार, १ सप्टेंबर

उद्या शेवटचा. नेल्डाने माझा निळा कोट इस्त्री केला. म्हणते, उद्या सामन्यानंतर सफरचंदाचा केक करणार आहे, चार माणसांचा. आम्ही तर दोघंच. स्टॅन खातो दोघांचं, हे खरं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

जमेल तसं क्रमाने लिहितो.

काल मैदान भरलं होतं. मी अगदी मजेत होतो. आठव्या डावात स्टॅन म्हणाला, "आता नाही धरवत रे, आलोच," आणि शौचालयाकडे पळाला. बूथमध्ये मी एकटा. पिचरने टाकला, बॅटचा कोरडा आवाज आला, लोक "आहा" म्हणाले. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. आर्डिसची धून झाली, आणि मागे ते सूर. ठक ठक ठक ठक ठक. जरा थांबून, ठक ठक ठक.

मी म्हणालो, "तिसऱ्या बेसवाल्याने उचलला, पहिल्याकडे फेकला, बाद."

म्हटलं, आणि नजर कडेने खाली माझ्या हाताकडे गेली. हाताने गुणपत्रकात जाड पेनाने लिहिलं होतं: पाच, तीन. मी बोलायच्या आधीच लिहिलं होतं. डोळ्यांनी नव्हतं पाहिलं, स्टॅनने नव्हतं सांगितलं. मग हाताला कुणी सांगितलं?

पाच सूर. तीन सूर.

एप्रिलपासूनचं सगळं एकदम अंगावर आलं. सेंटर फील्डला आठ. कॅचरला दोन. तिच्या रजेतला तो नासलेला आठवडा. आणि मी तिच्या खोलीत जाऊन तिला थांबायला सांगितलं होतं! खांद्यावर हात ठेवून! ती खोकली नव्हती, तोंडात रुमाल कोंबून हसत होती, ५२ सालासारखीच.

पुढचा चेंडू कधी टाकला गेला मला कळलं नाही. स्टॅन परत आला, माझा चेहरा बघितला आणि मायक्रोफोनवर हात ठेवून म्हणाला, "कळलं वाटतं."

"तुलाही माहीत होतं?"

"म्हाताऱ्या, मार्चमध्ये तू माझ्या टोपीशी हस्तांदोलन केलंस."

नववा डाव आला. आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे दोन बाद, तिसरा झाला की सामना संपला, पण दोघे बेसवर. बॅटला लागला, आवाजावरून खोल गेलेला. लोक उठले. चाळीस वर्षं अशा वेळी मी ओरडत आलोय. काल मी गप्प बसलो. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. स्टॅननेही तोंड उघडलं नाही. मैदानात एकच गदारोळ झाला, आणि त्यातून ऑर्गन. धून नाहीच. नुसते सूर, सावकाश, एकेक. मी मोजले. आठ.

"सेंटर फील्डने झेलला," मी म्हणालो. "पायलट्स जिंकले. आणि मंडळी, हा झेल मी पाहिलेला नाही. या वर्षीचा एकही नाही. मला दिसत नाही. आर्डिस रँडल ऑर्गनवर बसून बघत होती, आकडे वाजवून मला सांगत होती, आणि मी ते तुम्हाला सांगत होतो. मला ते आत्ता आठव्या डावात कळलं. जुलैमधला कुंपणावरचा झेल झालाच नव्हता. त्याबद्दल क्षमा करा. बाकी सगळं खरं होतं. फार सुखाची चाळीस वर्षं दिलीत. आभारी आहे."

मला वाटलं, संपलं. फोनवाली मुलगी धावत आली, "इंगाबाई लाइनवर आहेत, ठेवतच नाहीत." मी फोन घेतला.

"अहो वेंडेल," खणखणीत आवाज, "तुमच्या मायक्रोफोनमधून आम्हालाही ऑर्गन ऐकू येतो की नाही? मेपासून मी तुमच्याआधी आकडा लिहून मोकळी होते. इथल्या जेवणघरात सगळेच मोजतात. खाटकाच्या दुकानात मोजतात. तुम्हालाच तेवढं माहीत नव्हतं होय?"

"तुम्ही कार्ड टाकलं नाहीत, बाई."

"चूक नव्हती, तर कशाला टाकू?"

स्टॅनबरोबर घरी आलो तर स्वयंपाकघरात आर्डिस बसली होती, गुडघा खुर्चीवर ठेवून, आणि नेल्डा तिला कॉफी ओतत होती. इतक्या सवयीने, की साखर किती ते विचारलं नाही. निळी थाळी मधोमध.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मार्च," नेल्डा म्हणाली. "डॉक्टरच्या दवाखान्यातल्या बाईने फोन करून विचारलं, गाडी चालवत नाहीत ना? तू सांगशील म्हणून आठवडाभर वाट बघितली. मग हिचा फोन आला."

"सरावाचा सामना ऐकत होते," आर्डिस म्हणाली. "चेंडू कुंपणापासून किती पावलांवर पडला ते तू नेहमी सांगतोस. त्या दिवशी नुसतं 'लांब, लांब' म्हणत होतास. मी नेल्डाला फोन केला, म्हटलं, याचे डोळे गेलेत, आणि हा आपल्याला सांगणार नाही."

"मग तुम्हीच विचारायचं होतं मला!"

"आणि तू कबूल केलं असतंस?" नेल्डा म्हणाली. "कोंबडं झाकून ठेवलं होतंस. आम्ही म्हटलं, झाकू दे, आपण उजेडाचं बघू."

मी म्हटलं, "मी समजत होतो आंधळ्याच्या गायी देव राखतोय."

"देवाला यंदा इतर कामं होती," स्टॅन तोंडात केक कोंबून म्हणाला.

सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता उठून वर गेलो. १९६० ची वही हाताने शोधली. खाली येऊन चिठ्ठी आर्डिसच्या पुढ्यात ठेवली. सगळं सांगितलं. अकरावा डाव, शर्टाचा खिसा, सहा डाव, खोटं. नेल्डा आणि स्टॅनसमोरच सांगितलं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त कडेला कानातलं चमकत होतं. ते हललं नाही.

तिने चिठ्ठी वाचली. वेळ लागला, शब्द तर थोडेच होते.

"अकरावा डाव," ती म्हणाली. "एक बाद झाला होता. तू बॅटरचं नाव घेतलंस आणि मध्येच थांबलास. एक श्वास. मग आडनाव घेतलंस. बाबांच्या खोलीत रेडिओ चालू होता, वेंडेल. चिठ्ठी तुझ्या हातात पडली ते मला तिथेच कळलं."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"तू आला नाहीस याचा राग उतरला असता. बाबांनाही तो सामना पुरा ऐकायचाच होता. तू खोटं बोललास, ते नाही उतरलं." कॉफीचा घोट घेतला. "तुला लपवता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. आवाजात सगळं दिसतं."

"मला क्षमा कर, आर्डिस."

"तीस वर्षं मी तिथे बसून कशाची वाट बघत होते असं वाटतं तुला? ऑर्गन चर्चमध्येही आहे."

मला वाटायचं, लोक माझ्या डोळ्यांनी सामना बघतात. ते चाळीस वर्षं मलाच बघत होते, आणि तरी ऐकत होते. याहून मोठं देणं कुणाला मिळतं?

चिठ्ठी परत वहीत ठेवावी म्हणून मी हात पुढे केला, पण ती तिथे नव्हती. आर्डिसच्या पर्सचं बक्कल लागल्याचा आवाज आला.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "उशिरा का होईना, आणून दिलीस."

मग केकात दालचिनी कमी पडलीय म्हणाली. नेल्डाने ऐकून घेतलं, आणि निळ्या थाळीतला दुसरा तुकडा तिच्याकडे सरकवला.